गौरी आज न रडता आत गेली

मी यवतमाळला ऑपरेशन थिएटरमध्ये भूल विभागाची टेक्निशियन आहे. आज सकाळी फुलसावंगीची पाच वर्षांची गौरी हर्नियाच्या ऑपरेशनला आली. मला पाहताच आईच्या पदरात शिरली.

सोबत आलेल्या आजींनी घरचा उपाय केला, "चूप बस, नाही तं ते मॅडम सुई टोचते!"

गौरीने किंकाळीच फोडली. रडून बेजार झालेल्या लेकराला भूल देताना श्वासाचा त्रास होऊ शकतो. ती शांत होणं गरजेचं होतं.

डॉक्टरांनी नाकात मारायचा गुंगीचा फवारा द्यायला सांगितला. मी तिला दोन्ही हात उघडून दाखवले: सुई नव्हती, फक्त फवाऱ्याची छोटी नळी.

"दुखते का?" तिने विचारलं.

"थोडं झोंबेल. तोंड कडू होईल."

फवारा मारला. ती शिंकली आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "झोंबलं."

थोड्या वेळाने ती सुस्तावली आणि आईला स्वतःच टाटा करून आत आली. मास्कमधून भुलीचा वायू देऊन ती पूर्ण झोपल्यावरच सलाइनची सुई लावली.

ऑपरेशन नीट झालं. मला हायसं वाटलं.

बाहेर आजींनी विचारलं, "सुई लावलीच नाही?"

"लावली, आजी. तिला कळली नाही."

"मंग आता घरी इले भेव कोणाचं दाखवू?"

मी हसले. लेकरू ऐकत नसलं की तुमच्या घरी कोणाचं नाव घेतात?