हातावर पाटा पडला नव्हता

हाताचा चेंदामेंदा झाला होता आणि सुपरवायझर माझ्या पायांकडे बघत होता.

"पहले जूते उतार," तो म्हणाला. "और ये जैकेट भी."

सळयांच्या बंडलाखाली उजव्या हाताची दोन बोटं चिरडली होती. रक्त कोपरापर्यंत आलेलं. मला बुटाची नाडी सोडता येईना, म्हणून फुलबाई खाली बसली. ती माझ्यासोबत सळया उचलणारी. तिने माझे बूट काढले, कारखान्याचं नाव छापलेलं जॅकेट काढलं, स्वतःचा पदर फाडून हाताला बांधला. मग मला अनवाणी, मागच्या फाटकातून, सुपरवायझरच्या स्कूटरवर बसवलं.

आमच्या कारखान्याची ही रीतच आहे. कुम्हारीकडच्या त्या कारखान्यात अपघात होतच नाहीत. कंत्राटी माणसाला लागलं की आधी त्याच्या अंगावरचा कारखाना उतरवतात. मग तो घरीच पडलेला असतो. कोणी जिन्यावरून, कोणी सायकलवरून. माझ्या वाट्याला पाटा आला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं. मी तोंड उघडायच्या आत सुपरवायझर बोलला, "घर में सिल गिर गया हाथ पे."

सिल म्हणजे पाटा. मी गप्प बसले. त्याचा आजही स्वतःवर राग येतो. कळा येत होत्या हे खरं, पण गप्प बसले ती भीतीने. तुझं काम राहील, असं त्याने वाटेत सांगितलं होतं. डॉक्टरांनी मान खाली घालून लिहिलं. माझ्या मनगटापर्यंत काळं ग्रीस माखलेलं होतं. घरच्या पाट्याला ग्रीस कुठून येईल? त्यांनी विचारलं नाही.

बोटं गेली. मला कामाला लावणाऱ्या ठेकेदाराने तिसऱ्या ड्रेसिंगनंतर फोन उचलणं सोडलं. हात सुजला, पू झाला. रुआबांध्याला घराजवळ एक डॉक्टरीणबाई बसतात, त्यांना दाखवला. त्या म्हणाल्या, अजून एक ऑपरेशन लागेल, नाहीतर पंजा कायमचा आखडेल. कामावर लागलं असेल तर इलाज कारखान्याने करायचा असतो, तिथून अपघाताचा कागद आणा.

मी बसने कारखान्यात गेले. ऑफिसातला बाबू मराठी, सेक्टर सहाला राहणारा. मला बरं वाटलं. चला, आपला माणूस आहे.

माझी बोली ऐकून तोही गोड बोलला. "आपन एकाच भागातले, बाई. माहं गाव साकोलीजवळच हाये." मग त्याने हिंदीत टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला आणि शाईचा डबा उघडला. यावर अंगठा दिला की तुमचं काम पुढे सरकेल, म्हणाला. मी हात मागे घेतला तर त्याने माझा पट्टी बांधलेला हातच पकडला.

"लावा ना. अंगठा तर वाचला ना तुमचा."

आजूबाजूचे दोघे हसले. कळ डोक्यात गेली. पण त्या कळेपेक्षा ते हसू जास्त लागलं.

मी हात सोडवला. कागद डाव्या हातात धरला आणि मोठ्याने वाचायला लागले. घरी पाटा पडून दुखापत झाली. कारखान्याचा याच्याशी संबंध नाही. माझी कोणतीही तक्रार नाही. आठवीपर्यंत हिंदी शाळेत शिकले आहे मी. अडखळत वाचलं, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. हसणं थांबलं.

बाबूने कागद ओढला. "वाचता येत होतं तं आधी कावून नाही सांगतलं?"

"तुमी विचारलंच कुठं, भाऊ?" मी म्हणाले. "कोरा कागद द्या मले."

त्याने दिला नाही. मी बाहेरच्या टपरीवरून वही आणली आणि त्याच्याच टेबलावर डाव्या हाताने लिहायला बसले. अक्षरं इकडे पळत होती, तिकडे पळत होती. कुठल्या खात्यात, कोणत्या पाळीत, कोणाच्या हुकुमाने, सगळं लिहिलं. साक्षीदार म्हणून फुलबाईचं नाव लिहिलं, तिला येण्याआधीच विचारून ठेवलं होतं. त्याने माझ्या कागदावर शिक्का मारला नाही. मी तो तिथूनच कामगार कार्यालयात नेऊन दिला. मग पहिल्या डॉक्टरांकडे जाऊन खुर्चीत बसून राहिले. त्यांनी शेवटी जुन्याच चिठ्ठीखाली एक ओळ लिहिली, की रुग्ण सांगते, दुखापत कामावर झाली. माझ्याकडे न बघता लिहिली.

काम गेलं. ऑपरेशन अजून झालेलं नाही आणि पंजा रोज थोडा आखडतो आहे. नवरा म्हणतो, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. पाण्याबाहेर तर त्यांनीच फेकलं मला.

कामगार कार्यालयाची तारीख आली आहे. कारखान्याचा वकील येईल, बाबू येईल, सुपरवायझर येईल. मी पट्टी सोडून जाणार आहे. हात टेबलावर ठेवणार आहे. आणि कसं लागलं असं विचारलं, की माझ्या आधी कोणालाही तोंड उघडू देणार नाही.