बैलाच्या गोष्टीचे तात्पर्य

वलगावपासून दोन कोसांवरच्या एका गावात पुंजाराम मास्तर मुलांना गोष्टी शिकवायचा. मूळचा अकोल्याच्या जुन्या शहरातला. मोर्णा नदीकाठी वांगी-मेथी पिकवणाऱ्या घरात अक्षर ओळखणारा हा पहिलाच. अंगाने किरकोळ, पण आवाज खणखणीत. लांडग्याची गोष्ट वाचायला लागला की पुढे बसलेली पोरे मागे सरकायची.

दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली आणि इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. लढाई सरली, भाव उतरला, पण लोकांचा तोरा काही उतरला नाही. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चकाकत होत्या आणि ते बैल हाकणाऱ्या पोरांच्या अंगावर धड कुडते नव्हते. याच तोऱ्यात खुशालराव पाटलाने गावात शाळा आणवली. शेजारच्या गावात नाही ना, मग आपल्या गावात हवीच! जागा म्हणून एक गोठा रिकामा करून दिला आणि त्याचे उपकार मास्तरला उठता-बसता ऐकवले.

शाळेत पुस्तक एकच, मुंबईला छापलेले. प्रत्येक गोष्टीखाली जाड अक्षरात तात्पर्य. बाकीचे मास्तर गोष्ट सोडून तेवढेच पाठ करून घ्यायचे, कारण परीक्षेत तेच विचारत. पुंजारामची तऱ्हा उलटी. गोष्ट वाचून झाली की तो तात्पर्यावर तळहात ठेवायचा आणि म्हणायचा, "बोला, तुमाले काय वाटलं?"

पोरे आधी एकमेकांची तोंडे बघत बसली. आपल्याला काय वाटते हे त्यांना जन्मात कोणी विचारले नव्हते. मग एकेकाला कंठ फुटला. कोणी म्हणाला, कोल्हा बरोबर होता. कोणी म्हणाला, राजा बिनडोक होता. असा गलका व्हायचा की रस्त्याने जाणारी माणसे डोकावून जायची आणि मास्तर पोरे बिघडवतो म्हणायची.

या पोरांत सहदेव एक होता. नत्थुजीचा मुलगा. नत्थुजी पाटलाचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. अमरावतीला कापूस नेताना गाडीचे चाक त्याच्या पायावरून गेले. तेव्हापासून तो पाटलाच्या दुसऱ्या गोठ्यात दोर वळत बसायचा आणि वाढतील ते खायचा. पाटील मात्र गावभर सांगायचा की मी त्याला पोसतो.

एक दिवस बैलाची गोष्ट निघाली. बैल म्हातारा झाला म्हणून धन्याने त्याला हाकलून दिले. पुढे ऐन पेरणीत धन्याचा नवा बैल आजारी पडला. धन्याने हाक मारताच म्हातारा बैल धावत आला, जुवाखाली मान दिली आणि तासातच मेला. मास्तरने तात्पर्य झाकले आणि सहदेवकडे पाहिले.

"तो इमानानं नाई आला, मास्तर," सहदेव म्हणाला. "भुकेनं आला. त्याले जायाले दुसरी जागा कुठं व्हती?"

पुंजारामला वाटले, आपली मास्तरकी आज फळाला आली. हा मुलगा गुरांमागे जाता कामा नये. त्याने अकोल्याला बहिणीला, मैनाबाईला, निरोप धाडला: एका पोराला मोठ्या शाळेत घालतो, तुझ्याकडे जेवू घालशील का? भाजी विकून पोट भरणाऱ्या त्या बाईने उलट निरोप दिला, पाठवून दे.

तेवढ्यात दिपोटी येणार अशी बातमी आली. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. शेजारच्या परगण्यातली एक शाळा त्यांनी नुकतीच बंद केली होती. पुंजारामचे धाबे दणाणले. शाळाच गेली तर सहदेव अकोल्याला जाणार कोणाच्या शिफारशीवर? त्याने तात्पर्यावरचा हात काढला आणि पोरांकडून घोकून घ्यायला सुरुवात केली.

सहदेवने विचारले, "मंग मी सांगतलं ते चुकीचं व्हतं का?"

खरे काय ते मास्तरला सांगता आले असते. तुझेच बरोबर आहे, पण साहेबांपुढे हे म्हण, एवढेच तर बोलायचे होते. पण एका डोक्यात दोन उत्तरे राहिली आणि नेमके भलतेच तोंडातून निसटले तर?

"हो, चुकीचं व्हतं," तो म्हणाला.

पोरगा खाली मान घालून घोकायला लागला.

परीक्षेला सारा गाव लोटला. पाटील नवा फेटा बांधून साहेबांशेजारी बसला. नत्थुजी पाय ओढत येऊन दाराशी टेकला. साहेबांनी बैलाची गोष्ट काढली आणि सहदेवला उभे केले.

"अन्नदात्या धन्याचे उपकार सेवकाने मरेपर्यंत विसरू नयेत," सहदेवने न अडखळता म्हणून दाखवले.

"शाब्बास!" साहेब म्हणाले.

पाटील दाराकडे वळला. "नत्थुजी, आयकलं का? लाखातलं बोलला तुहा पोट्टा!" नत्थुजीने हात जोडले. शाळा वाचली.

आठवड्याने मास्तरने पाटलाकडे अकोल्याची गोष्ट काढली, तर पाटील हसायलाच लागला.

"अकोल्याले कायले? नत्थुजीच्या जागी ठेवलं मी त्याले. असा इमानी पोट्टा कुठं भेटते?"

"पाटील, पोरगा हुशार हाय. शिकू द्या त्याले."

"शिकला ना तो! तुमीच शिकवलं, अन् आता तुमीच उलटं बोलून राह्यले?"

मास्तर तसाच नत्थुजीकडे गेला. नत्थुजीने दोरावरची नजर काढली नाही. "पोरगं चारचौघांत आपल्या तोंडानं बोललं, जी. आता मी कोन्या तोंडानं पाटलाले नाई म्हनू?"

सहदेव दावणीशी बैल सोडत होता. मास्तर जवळ गेला.

"सहदेव, त्या दिशी तू सांगतलं तेच खरं व्हतं."

"मंग तवा काहून नाई म्हटलं?" सहदेवने विचारले. तो रागावला नव्हता. रागावला असता तर मास्तरला बरे वाटले असते. उत्तरासाठी तो थांबलाही नाही. बैल घेऊन पाण्यावर निघून गेला.

पुंजारामने त्याच गावात पुढे वीस वर्षे मास्तरकी केली. दिपोटी बदलत गेले, शेरा मात्र दर वर्षी उत्तमच मिळाला. तुम्हाला काय वाटले, हे त्याने पोरांना पुन्हा कधी विचारले नाही. एखाद्याने खरे सांगितले तर, याची त्याला भीती वाटायची.