सहाचा नऊ होणार नाही

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत राहणाऱ्या शिवणकामवाल्या बाईंना अख्खी गल्ली नंबरमावशी म्हणायची. कारण सरळ होतं. क्लबच्या फुटबॉल जर्सींच्या पाठीवरचा आकडा एकवीस वर्षं त्यांच्या हातचा होता. तेव्हा आकडे छापून येत नसत. जाड पांढऱ्या कापडातून कापायचे, कडा आत दुमडायच्या आणि निळ्या जर्सीवर मशीन मारायची. सहा आणि नऊ हे इंग्रजी आकडे तर एकाच पुठ्ठ्यावरून निघायचे. फिरवला की झालं. पण मावशींची एक खोड होती. जर्सी चड्डीत खोचली की कापड खाली ओढलं जातं आणि आकडा खालच्या बाजूने उसवतो, हे त्यांनी पहिल्याच वर्षी हेरलं होतं. तेव्हापासून प्रत्येक आकड्याच्या खालच्या कडेला त्या दुहेरी टीप मारत, वरच्या कडेला एकेरी. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं आणि एकवीस वर्षांत कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मग कारखान्यातून छापील जर्सी येऊ लागल्या आणि मावशींना क्लबने नारळ दिला. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. डोळे तसेही थकले होते. वाईट वाटलं ते आठवड्याभराने. मैदानाच्या मागच्या बाजूला माळीबुवा गवत कापायच्या यंत्राचं तेल पुसत होते, आणि पुसायला हातात होती गोलकीपरची जर्सी. पाठीवरचा एक नंबर अजून जसाच्या तसा होता. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, लाज वाटते का काही? माणूस तीन वर्षं चिखलात लोळलाय त्या कपड्यात!"

"मग आता फडकंच झालं की ते," माळीबुवा म्हणाले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

मावशी घरी गेल्या, चांगल्या कपड्याची चार फडकी कडा दुमडून शिवली आणि दुसऱ्या दिवशी देऊन जर्सी घेऊन आल्या. ती पहिली. त्यानंतर नाद असा लागला की विचारायची सोय नाही. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या गॅरेजमध्ये, कुत्र्याच्या अंथरुणात, जिथे म्हणून एखादी जुनी निळी जर्सी असल्याचं कानावर येई तिथे मावशी हजर. नवा शर्ट शिवून द्यायचा, जुनी जर्सी घ्यायची, असा त्यांचा रोखठोक व्यवहार. फक्त मॅचमध्ये घातलेली हवी. सरावाची नको, दुकानातून घेतलेली नको. एकाने नवी जर्सी चहाच्या पाण्यात बुडवून जुनी म्हणून आणली तेव्हा मावशींनी नुसती कॉलरची आतली बाजू पाहिली आणि त्याला दारातूनच परत पाठवला. चहा काय कोणीही सांडेल, पण मानेच्या घामाने कापड जसं ताठ होतं तसं करायला नव्वद मिनिटं धावावं लागतं.

अशा त्रेचाळीस जर्सी जमल्या. जुन्या चादरींत गुंडाळून, घडीची रेघ पडू नये म्हणून मध्ये कापडाचे बोळे घालून, तीन पत्र्याच्या ट्रंकांत ठेवलेल्या. मावशी त्या कधीच धूत नसत. वर्षातून दोनदा सावलीत वारा द्यायच्या आणि परत ठेवायच्या. त्या दिवशी लेक आली की नाकाला रुमाल लावायची. "आई, बाबांचा एक शर्ट ठेवला नाहीस घरात, आणि हे परक्या त्रेचाळीस बाप्यांचे घामट कपडे जपतेस!"

"तुझ्या बाबांनी कधी गोल वाचवला असता तर ठेवला असता," मावशी म्हणायच्या.

आता मात्र हसण्यावारी नेण्याची वेळ गेली होती. सायकलच्या दुकानासकट ती इमारत पाडायची ठरली होती. महिनाअखेर खोली सोडायची आणि लेकीकडे जायचं. लेकीच्या घरात दोन खोल्या, चार माणसं. तिने स्पष्टच सांगितलं होतं, "तू ये. तुझी मशीन आण. ट्रंका नकोत. पाय ठेवायला जागा नाही गं." लेक खोटं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत होती.

अशा वेळी क्लबच्या अध्यक्षांचा निरोप आला. क्लब संग्रहालय काढत होता. अध्यक्षांनी मावशींना ऑफिसात बसवलं, गार पाणी दिलं आणि कोपऱ्यातली एक रिकामी खोली दाखवली. तिन्ही भिंतींना काचेची कपाटं, ऊन येऊ नये म्हणून पडदे. "ही तुमची, मावशी. तुमच्या सगळ्या जर्सी इथे. दारावर तुमचं नाव."

मावशी खोलीच्या मध्यभागी उभ्या राहिल्या. गोलकीपर कुठे, पहिल्या वर्षीची टीम कुठे, हे त्यांनी उभ्या उभ्या मनात लावूनसुद्धा टाकलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. आयुष्यात त्यांना कोणी कपाट दिलं नव्हतं, इथे तर खोलीच मिळत होती.

"फक्त एक सही लागेल," अध्यक्ष म्हणाले.

त्यांनी एक जर्सी टेबलावर पसरली. निळी, विटलेली, पाठीवर नऊ. अडतीस वर्षांपूर्वीची फायनल क्लबने एक गोलने जिंकली होती, आणि तो गोल होता नऊ नंबरच्या तुफानचा. तुफान त्याच संध्याकाळी जर्सी अंगात घालूनच गाडीत बसला आणि गेला. पुढे ना त्याचा पत्ता लागला ना जर्सीचा. "आम्ही शोधून काढली," अध्यक्ष म्हणाले. "मधल्या मोठ्या कपाटात हीच राहणार. आकडा तुमच्या हातचा आहे, एवढं तुम्ही लिहून द्या. तुमच्या शब्दावर कोण शंका घेणार?"

मावशींनी चष्मा चढवला. कापड खरं होतं. आकडाही त्यांच्याच हातचा, यात वाद नव्हता. मग त्यांचं बोट आकड्याच्या कडेवरून फिरू लागलं आणि वरच्या कडेला थांबलं. खालची कड एकेरी होती. वर मात्र जुन्या टिपेच्या भोकांच्या दोन रांगा होत्या, आणि त्यातल्या एकीतूनच नवा दोरा गेला होता. मावशींची नजर वर सरकली. डाव्या खांद्यावर पांढऱ्या रंगाचा बोटभर फराटा होता.

"हा नऊ नाही," त्या म्हणाल्या. "माझी दुहेरी टीप खाली असते, इथे ती वर आहे. कोणीतरी सहा उसवून उलटा लावलाय. ही गवंड्याची जर्सी आहे."

गवंडी म्हणजे सहा नंबरचा बचावपटू. दिवसभर भिंती बांधायचा आणि संध्याकाळी येऊन गोलपुढे भिंतीसारखा उभा राहायचा. फायनलच्या शेवटच्या मिनिटाला गोलकीपर आडवा पडला असताना त्याने रेषेवरून चेंडू परतवला आणि तसाच जाऊन खांबावर आदळला. खांबाला त्याच सकाळी रंग दिला होता. मावशी बाकावर सुईदोरा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

अध्यक्षांनी आधी दाराकडे पाहिलं. मग त्यांनी दार लोटून घेतलं. "म्हणजे फायनलचीच आहे ना? मग झालं तर. मावशी, सहा नंबर बघायला कोण येणार? लोकांना तुफान हवाय. ती टीप तेवढी खाली घ्या. हात तुमचा, आकडा तुमचा, मग खोटं कुठे राहिलं? शुक्रवारपर्यंत द्या, आणि सोमवारी ट्रंका हलवू."

मावशी जर्सी पिशवीत घालून घरी आल्या. त्या साधुसंत नव्हत्या. वाटेत त्यांनी तीनदा ठरवलं की टीप खाली घ्यायची. एका जर्सीचं खोटं आणि त्रेचाळीस जर्सींना छप्पर. हिशोब काही वाईट नव्हता. तरी घरी आल्यावर मशीनवर बसवेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गवंड्याच्या घरी गेल्या. तो हो म्हणाला तर आपण कोण अडवणारे, असा त्यांचा विचार होता.

गवंड्याचे गुडघे आता गेले होते. खुर्ची दारात ओढून तो रस्त्याकडे बघत असायचा. मावशींनी सगळं सांगितलं. तो हसला.

"बायकोने घर आवरताना दिली असेल जुन्या कपड्यांत. करा की नऊ, बाई. माझं काय जातंय? निदान काचेत तरी जाईल."

"गवंडीदादा, चेंडू तुम्ही काढला होता."

"काढला असेल. कोणाच्या लक्षात आहे?"

"माझ्या आहे!"

त्या इतक्या जोरात बोलल्या की समोरच्या घरातली खिडकी उघडली. गवंड्याने नजर रस्त्याकडे वळवली. त्याने हो म्हणावं म्हणून मावशी आल्या होत्या, त्याने हो म्हटलंही होतं, आणि त्या होकारानेच त्यांचं डोकं फिरलं. अडतीस वर्षं ज्याला कोणी विचारलं नाही, त्या माणसालाच आता आपण काही केलं होतं असं वाटेनासं झालं होतं. आणि त्यावर शेवटची टीप कोणी मारायची, तर म्हणे मावशींनी!

त्या तडक घरी आल्या. खिडकीपाशी उजेडात मशीन ओढली. एकेक टाका उसवून नऊ सोडवला. खाली निळं कापड अजून गडद होतं, सहाच्या आकाराचं, कारण तेवढ्या जागेला ऊन कधी लागलंच नव्हतं. मावशींनी आकडा फिरवून त्या गडद जागेवर ठेवला. तो बरोब्बर बसला. वर एकेरी टीप, खाली दुहेरी. दोरा जुना विटका निवडण्याचीही तसदी घेतली नाही. पांढरा स्वच्छ दोरा लावला. आज दुरुस्त केलंय तर आज केल्यासारखं दिसू दे.

शुक्रवारी ऑफिसात कमिटीची चार माणसं बसली होती. मावशींनी सगळ्यांसमोर जर्सी टेबलावर पालथी पसरली.

"हे काय केलंत?" अध्यक्षांचा चेहरा उतरला.

"दुरुस्ती. फायनलची जर्सी आहे, सहा नंबरची आहे, घालणारा गवंडी होता. हे लिहा, आत्ता सही करते. पेन आहे माझ्याकडे."

"मावशी, कपाटावर तुफानचं नाव कोरून झालंय."

"मग कपाट तुफानला द्या. रिकामं ठेवा. त्याची जर्सी नाही आपल्याकडे."

कमिटीतल्या एकाने खोकून खिडकीबाहेर पाहिलं. अध्यक्षांनी आवाज चढवला. खोलीचं विसरा म्हणाले, दारावरच्या नावाचं विसरा म्हणाले, सोमवारी गाडी येणार नाही म्हणाले. मावशी ऐकत राहिल्या. मग त्यांनी पेन परत पिशवीत टाकलं.

"आणि हे न्या इथून!" अध्यक्षांनी जर्सी ढकलली. "सहा नंबर घेऊन मी काय करू?"

"तुम्हाला नसेलच कळत," मावशी म्हणाल्या, आणि चव्वेचाळिसावी जर्सी घडी न घालता, हातावर टाकून घेऊन आल्या.

महिनाअखेर त्या लेकीकडे पोचल्या त्या तीन ट्रंका घेऊनच. लेक दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. "आई! काय ठरलं होतं आपलं?"

"माझ्यासाठी पलंग घेतलायस ना? तो देऊन टाक कोणाला तरी." मावशींनी टेम्पोवाल्याकडून तिन्ही ट्रंका भिंतीला ओळीने लावून घेतल्या आणि वर स्वतःची गादी अंथरली. "हे बघ. जागा तेवढीच. आता माझं काय बिघडणार आहे?"

"पाठ बिघडेल."

"बिघडू दे."

लेकीने हात टेकले. संध्याकाळी तिनेच गादीखाली आणखी एक घोंगडी सारली, पण तोंडाने बडबड चालू होती.

पंधरा दिवसांनी गवंडी आला. काठी टेकत, दोन जिने चढून, धापा टाकत. ऑफिसातलं भांडण त्याच्या कानावर गेलं होतं. मावशींनी गादी गुंडाळली, मधली ट्रंक उघडली आणि जर्सी खिडकीच्या दांडीला अडकवली, पाठ खोलीकडे करून.

गवंडी बघत राहिला. मग म्हणाला, "मी हा आकडा कधी पाहिलाच नव्हता. घातल्यावर मागे कुठे दिसतो?"

त्याने हात पुढे केला, थोडा थांबला, मावशींकडे पाहिलं. त्यांनी दांडीवरची जर्सी त्याच्या बाजूला सरकवली. त्याने अंगठ्याने खालची दुहेरी टीप चाचपली, मग खांद्यावरचा पांढरा फराटा. तेवढ्यात लेक चहा घेऊन आली आणि सवयीने म्हणाली, "काका, ती उन्हात नका ठेवू, आणि आई, हिला तरी एकदा धुऊन काढ ना गं."

"धुवायची नाही," गवंडी म्हणाला. काठी भिंतीला टेकवून तो सरळ उभा राहिला होता. "तो रंग खांबाचा आहे. चेंडू मी काढला होता."