डब्यातली चार कार्डं आणि खंडेनवमीचा मान

आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला टेस्टिंग रूमची किल्ली मिळाली की तो ती खिशात ठेवत नाही, गळ्यात घालतो. मी तेच केलं होतं. माझं गाव भंडारा जिल्ह्यात. सोलापुरात मला सगळे ‘नागपूरवाले’ म्हणतात. नागपूर मी फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलंय, पण इथल्या लोकांच्या मते तिकडं दुसरं गावच नाही.

कारखाना पंपांचा. उजनीकाठच्या उसाला, केळीला पाणी ओढणारे पंप. प्रत्येक पंप बाहेर पडण्याआधी आमच्या खोलीत चालवून बघायचा. पाण्याचा दाब, मोटारीची उष्णता, करंट, थरथर या सगळ्यांच्या वायरी एका लोखंडी डब्यात जातात. ताटाळ्यात ताटं उभी करावीत तशी त्यात चार कार्डं शेजारी शेजारी बसवलेली. कार्डांनी मोजायचं आणि जाड केबलमधून कॉम्प्युटरला कळवायचं. इंजिनिअर साहेब त्याला चॅसिस म्हणतात, आम्ही डबा.

डबा बसवायला आलेला माणूस जाताना मला एवढंच म्हणाला होता, “आधी डबा चालू करायचा, मग कॉम्प्युटर.” का, ते मी विचारलं नाही. कोणी चांगलं सांगितलं की मी का विचारत नाही, आणि बहुतेक त्यामुळंच टिकलोय. ते वाक्य मी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून डब्यामागं चिकटवलं आणि रोज सकाळी तसंच करत आलो.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या यंत्रांना आंघोळ, हळदकुंकू, झेंडूचे हार. मग बटण बंद. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी आप्पांच्या हातानं सगळं चालू करायचं. आप्पा म्हणजे आमचे मालक. देवाशी कन्नड बोलतात, कामगारांशी मराठी, आणि इंजिनिअर साहेबांशी शक्यतो बोलत नाहीत. मला कामावर घेताना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, “शिक्षण?” मी म्हटलं, “आठवी.” “खोटं न्हाई बोललास. बस हितं.” तेवढ्यावर माझ्या घरची चूल पेटते आहे.

डब्याचा हा पहिलाच दसरा. तर त्या सकाळी आप्पा नारळ घेऊन खोलीत आले. डब्याकडं बघितलं, कॉम्प्युटरकडं बघितलं.

“ह्यात थोरला कोण?”

“कॉम्प्युटर, आप्पा,” साहेब म्हणाले. “तोच मेंदू.”

“मग आधी त्याला मान.”

मला डब्यामागचा पुठ्ठा आठवला. मालक, मुहूर्त आणि इंजिनिअर एका बाजूला असताना पुठ्ठा कोण दाखवणार? आप्पांनी कॉम्प्युटर लावला. पडद्यावर चित्र आलं, टाळ्या झाल्या. मग धाकट्याची पाळी म्हणून डब्याचं बटण दाबलं.

पडद्यावर चारही कार्डांपुढं लाल फुल्या!

त्याच दुपारी एका मोठ्या गिऱ्हाईकाचे तपासनीस समोर पंप चालवून बघायला येणार होते. साहेबांनी बाह्या सरसावल्या. त्यांनी पहिला शोध लावला तो आरोपीचा.

“डबा कोणी पुसला?”

“मी, साहेब.”

“कुंकू कोणी लावलं?”

“मीच. पण झाकणावर.”

“झाकणाला फटी असतात हो, नागपूरवाले! शिकलेला माणूस असता तर कळलं असतं.”

साहेबांनी डबा बंद करून कार्डं एकेक बाहेर काढली आणि बॅटरी मारून कुंकू शोधलं. सापडली एक अक्षत, तीही टेबलावर. ती त्यांनी पुरावा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. कॉम्प्युटरच्या गळ्यातला हार मात्र त्यांनी स्वतः घातलेला होता, त्यामुळं त्याची चौकशी झाली नाही.

कार्डं परत बसवून डबा लावला, फुल्या तशाच. मग डबा बनवणाऱ्या कंपनीला, पुण्याला फोन. पलीकडचा माणूस म्हणाला, “कॉम्प्युटर फक्त रिस्टार्ट करून बघा.”

साहेब हसले. “रिस्टार्ट हे अर्धवट काम. आमच्याकडं मुळापासून बंद करतात.” त्यांनी भिंतीवरचं मेन बटण पाडलं, मोठ्यानं दहापर्यंत मोजलं, आणि परत कॉम्प्युटर आधी, डबा नंतर. फुल्या. असं तीनदा झालं. दरवेळी साहेब आणखी कसून बंद करत होते. शेवटी त्यांनी हात पुढं केला.

“किल्ली द्या. तुम्ही उद्यापासून पॅकिंगला.”

किल्ली देताना दोरा कानात अडकला. पॅकिंग वाईट नाही, खोकी बांधायला आठवीही लागत नाही. पण घरी मी सांगून बसलो होतो की इकडं माझ्या सहीशिवाय पंप बाहेर पडत नाही. नजर परत त्या चार फुल्यांवर गेली.

आमच्या शाळेत गुरुजी सकाळी एकदाच हजेरी घेत. भाताच्या रोवणीच्या दिवसांत मी बांधावरून पळत यायचो, दारात उभा राहायचो, पण वहीत दिवसभर फुलीच. अंगानं हजर, कागदावर गैरहजर. कॉम्प्युटरचंही तसंच असेल तर?

“आप्पा,” मी म्हटलं. “एक बोलू?”

“बोल की.”

“कॉम्प्युटर उठतो तेव्हा एकदाच हजेरी घेत असेल. त्या वेळी डबा झोपलेला होता. डब्याला आधी उठवायचं असतं. बसवणाऱ्यानं सांगितलं होतं. मी... मघाशी बोललो नाही.”

साहेब म्हणाले, “आप्पा, ही काय शाळा आहे का?”

आप्पांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं. चुकलेला हात त्यांचाच होता, ते त्यांनाही कळलं होतं.

“मग मघाशी तोंडात काय गूळ धरला हुतास? जा, उठीव त्याला.”

सगळं बंद केलं. डबा लावला, त्याचा पंखा घुमू दिला. मग कॉम्प्युटर. चित्र येईपर्यंत मी गावच्या देवीला काय काय कबूल केलं ते इथं लिहीत नाही. यादी उघडली. चारही हजर, हिरवे.

आप्पांनी साहेबांच्या हातातून किल्ली घेतली, माझ्याकडं टाकली आणि म्हणाले, “आता तपासनिसासाठी चहा सांग.” बस, एवढंच.

साहेबांनी अहवाल लिहिला. सॉफ्टवेअरमध्ये गुंतागुंतीचा दोष होता, तो तज्ज्ञांच्या प्रयत्नांनी दूर झाला म्हणे. आठवड्यानं भिंतीवर इंग्रजी सूचना लागली, लॅमिनेशन केलेली. मी अक्षरं लावत लावत वाचली. पहिली ओळ चॅसिस, दुसरी कॉम्प्युटर, खाली साहेबांची सही. माझा पुठ्ठा डब्यामागं अजून आहे. सूचना मी रोज फडक्यानं पुसतो. कुंकू लावत नाही.