बेंजोपुढचा साल्सा

मोहोपाड्याच्या आमच्या कारखान्यात राकेशला ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही, आणि याचं कारण त्याचं काम नव्हे. बॉयलरवर तो बरा आहे. पण जयंतीची मिरवणूक असो की कुणाची वरात, बेंजो पार्टीच्या पुढे तोच असतो. दोन्ही हात वर, तोंड वाजवणाऱ्यांकडे, पाठ रस्त्याकडे. कॉलनीपासून नाक्यापर्यंत हा माणूस उलटा नाचत जातो आणि एकदाही गटारात पडत नाही. एवढ्या भांडवलावर त्याने स्वतःला नर्तक समजावं, यात गैर काही नाही.

व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर साल्साचा वर्ग निघाला, तेव्हा त्याने आपलं नाव घातलं आणि बायकोचंही. जागृतीची इच्छा नव्हती.

"घरात नाचते ते कमी हाय का?" ती म्हणाली.

"जोडीचा नाच हाय गं. तू नुसती ये, मी शिकवतो तुला."

त्याने काय शिकवलं ते समजलं नाही, पण दिवाळी यायच्या आत जागृती उत्तम नाचू लागली. साल्सात एकाने हाताने सुचवायचं आणि दुसऱ्याने ते ओळखून पाऊल टाकायचं. महिन्यातून एका शनिवारी सगळे कुंभिवलीला हायवेवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये जमत. याला सोशल म्हणतात. तिथे दर गाण्याला जोडीदार बदलायचा असतो आणि कुणीही कुणाला विचारू शकतो. जागृतीला खाली बसायला मिळत नसे. राकेशबरोबर मात्र बाया एकदाच नाचत. दुसऱ्यांदा तो समोर आला की त्यांना तहान लागे. त्या हॉलमध्ये पाण्याचा खप राकेशमुळे होता, असं म्हटलं तरी चालेल.

इथवर त्याला काही वाटलं नव्हतं. लोकांना कला कळत नाही, एवढाच त्याने अर्थ काढला. पण एका सोशलला जागृतीनेच गाणं अर्ध्यात असताना त्याचा हात सोडला.

"तुमच्यासंगं नाय नाचणार मी."

"का गं? काय झालं?"

"दारापासून निघालो ते जेवणाच्या टेबलापर्यंत आलो. वरात हाय का ही? तुमी मला नाचवत नाय, ढकलता."

ती गेली आणि पुढच्याच गाण्याला तल्हा नावाच्या एका टेंपोमालकाबरोबर हसत नाचली. हे मात्र राकेशला लागलं. जगातल्या सगळ्या बायांना तहान लागली तरी चालेल, पण जागृतीने आपल्याबरोबर एक गाणं पुरं नाचावं, एवढंच त्याला हवं होतं.

त्यासाठी त्याने सर्वांत सोपा मार्ग निवडला, म्हणजे चुकीचा. आमटी बिघडली की आपल्याकडे तिखट वाढवतात, तसं त्याने मोबाइलवर बघून गिरक्या वाढवल्या. गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोरीला धरून त्या घोटल्या. वर्गात त्यांतली पहिली गिरकी त्याने शाळेत शिकवणाऱ्या हुमाबाईंना दिली. हुमाबाई एका दिशेला गेल्या आणि त्यांचा चष्मा दुसऱ्या.

वर्ग घेणारा ऋषिकेश त्याच्या पुतण्याच्या वयाचा. तो शांतपणे म्हणाला, "काका, तुमच्याकडे स्टेप भरपूर आहेत. थांबणं नाही."

साल्सात तीन पावलं टाकायची आणि चौथ्या ठोक्याला थांबायचं असतं. बेंजोपुढे जो थांबतो तो मागच्याच्या पायाखाली येतो. राकेशची सगळी हयात न थांबण्यात गेलेली. शिवाय मिरवणुकीला पुढे सरकावं लागतं आणि साल्सा जागच्या जागी असतो.

वर्गात पुरुष जास्त, बाया कमी. त्यामुळे कुणातरी पुरुषाला बाईच्या जागी उभं राहावं लागे आणि साहजिकच सगळे त्या वेळी बुटांच्या नाड्या बांधत. ऋषिकेशने राकेशला तिथे उभं केलं आणि समोर दिले इद्रिसभाई, खालापूरला टाइल्सचं दुकान असलेले. त्यांचंही शिक्षण मोबाइलवरच झालेलं.

"घाबरू नको रं, मी हाय," असं म्हणत इद्रिसभाईंनी त्याचा दंड पिरगाळला.

"इद्रिसभाई, हात हाय माझा. टाइलच्या खोक्याची पट्टी नाय."

"मग तू वळ ना. वेळेवर समजून घ्यायला नको?"

"सांगितलं काय तुमी, ते समजून घेऊ?"

"सांगितलं की. तुझं ध्यान नाय."

समोरच्या रांगेत जागृती ओढणी नीट करत उभी होती. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, असं राकेश मला नंतर म्हणाला.

पुढे हिवाळाभर तो बाईच्या जागी नाचला. कारखान्यात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. कँटीनचा धाकलू त्याला "राकेशताई, साखर किती?" असं विचारू लागला. राकेश दोन चमचे सांगून चहा पिई. वर्गात खेचला गेला, ढकलला गेला, दोनदा भिंतीवर आपटला आणि समोरचा कधी थांबतो याची आशेने वाट बघायला शिकला.

फेब्रुवारीच्या सोशलला तो जागृतीसमोर जाऊन उभा राहिला.

"एक गाणं?"

"ढकललंत तर सोडून जाईन."

त्याने तीन पावलं टाकली आणि थांबला. पुन्हा तीन, पुन्हा थांबला. हात वर गेले नाहीत. एकच साधी गिरकी दिली, तीही तिचं वजन वळायच्या पायावर आल्यावर. आयुष्यात पहिल्यांदाच राकेश नाचत होता आणि कुणी बघत नव्हतं. त्याच्यासारख्या माणसाला हे सोसणं सोपं नसावं. गाणं संपलं तेव्हा दोघं सुरुवातीला होती तिथेच होती.

इद्रिसभाई पुढे आले. "वहिनी, पुढचं गाणं?"

"थांबा भाई. आमचं अजून झालं नाय," जागृती म्हणाली.

दुसऱ्या गाण्यात राकेशला राहवलं नाही. त्याने गच्चीवरची एक गिरकी काढली आणि तिचं कोपर त्याच्या नाकावर बसलं. जागृतीने हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने नाक चोळत त्याने तीन पावलं टाकली आणि चौथ्या ठोक्याला थांबला.