गाडीला पाणी पाजणं

आमच्या अप्पांना, म्हणजे वडिलांना, एक गोष्ट मी आजवर पटवून देऊ शकलो नाही. ती म्हणजे ट्रकला तहान लागत नाही.

उदगीरच्या मोंढ्यातून, म्हणजे धान्यबाजारातून, तूर भरायची आणि लातूरच्या दालमिलला उतरवायची, हे त्यांनी जन्मभर केलं. नजर अधू झाली तसं स्टिअरिंग माझ्याकडे आलं. पण रोज सकाळी अंघोळ, कपाळाला विभूती आणि लगेच ट्रकचं बोनेट, हे काही सुटलं नाही. रेडिएटरचं झाकण काढायचं, बोअरचं पाणी ओतायचं आणि मला सांगायचं, "पाजलं बघ गाडीला." मी चिडलो की म्हणायचे, "बैलाला काय इचारून पाजत होतो का आपण?"

आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. बादलीला पांढरा थर धरतो. तेच पाणी इंजिनाच्या पोटात जात होतं. शेवटी व्हायचं तेच झालं. भरल्या मालानिशी गाडी रस्त्यात तापली आणि लातूरच्या मिस्त्रीनं बजावलं, "आणखी एकदा तापली तर इंजिनाचं हेड गेलंच म्हणून समजा. पानी बंद करा, कूलंट टाका."

इंजिन गार ठेवणारं ते रसायन आणायला दुकानात गेलो तर दुकानदार विचारतो, "हिरवं देऊ का लाल?" मी काय बांगड्या भरायला आलो होतो? रंगावर काही नसतं, गाडीच्या पुस्तकात दिलेला मानक क्रमांक डब्यावर असावा लागतो, हे तो दुकानदार असून त्याला मीच समजावलं. हवं ते नेमकं लाल निघालं. पाणी न मिसळता थेट ओतायचे दोन कॅन घेतले.

रविवारी इंजिन गार असताना मी स्वतः कामाला बसलो. रेडिएटरच्या खालचा नळ सोडला तर चहाच्या रंगाचं पाणी आलं, सोबत खपल्या. तीनदा धुऊन काढलं, तेही विकतच्या शुद्ध पाण्यानं. मग कूलंट ओतलं. एक अख्खा कॅन उरला. मला वाटलं, बरं झालं, पुढं कामाला येईल. अप्पा ओट्यावर बसून बघत होते. त्यांना म्हटलं, "अप्पा, आजपासून गाडीला हात लावायचा नाही. झाकणालासुद्धा."

"बरं," ते म्हणाले.

आठवड्यानं झाकण काढलं तर आत पाणचट गुलाबी सरबत. माझं डोकंच फिरलं. शेजारीपाजारी बघत असताना मी ओरडलो, "किती वेळा सांगायचं? इंजिन बसल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही का?"

"म्या न्हाई पाजलं," एवढंच बोलले.

मी कसला ऐकतोय! बोअरचा पाइप गुंडाळून कुलपात ठेवला. म्हाताऱ्या माणसाशी असं वागताना मला लाजही वाटली नाही, उलट जिंकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला गाडी दाखवली. त्यानं रंग बघितला आणि विचारलं, "कूलंट किती बसलं?"

"एकच कॅन."

"इंजिनाच्या बाजूचा बोल्ट खोलला होता का?"

"कोणता बोल्ट?"

त्यानं खाली वाकून नळ दाखवला. "अहो, खालच्या नळातून नुसता रेडिएटर रिकामा होतो. इंजिनात पानी तसंच ऱ्हातंय. हे तुमच्या धुन्याचंच पानी हाय. कूलंट त्यातच मिसळलं."

बोल्ट खोलला तसं पाण्याची धारच लागली. पुन्हा सगळं भरलं तेव्हा उरलेला कॅन संपून आणखी थोडं आणावं लागलं. इंजिन वाचलं. लातूर ते उदगीर मी स्वतःला शिव्या घालत आलो.

घरी आलो तर अप्पा ट्रककडे पाठ करून ओट्यावर बसलेले. म्हटलं, "चूक माझीच होती, अप्पा. उद्यापासून इंजिन गार असताना कूलंट खुणेपर्यंत आहे का, तेवढं तुम्हीच बघत जा."

त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही.

"मोडली बाबा ती सवय," म्हणाले आणि आत गेले.