रेघेपुढचा शब्द

लोकांना वाटतं, ग्रंथालयात काही घडत नाही. खरंच घडत नाही! आमच्या चामोर्शीच्या ग्रंथालयात दुपारी पंखा फिरतो, खिडकीबाहेर सागाची पानं एकेक करून खाली येतात आणि वाचक पेपरवर गाल टेकून झोपतात. पण या गुंगीतच मधे कोणीतरी एक वाक्य बोलून जातं, आणि ते डोक्यात राहतं ते राहतंच. वीसेक वर्षं मी इथे कॅटलॉग करते. अशी वाक्यं इतकी साठलीत, की घरी तांदूळ निवडताना कधीकधी एकटीच हसते.

आम्ही तिघं. ग्रंथपाल बोरकुटे सर, शिपाई मडावीभाऊ आणि मी. माझं काम म्हणजे पुस्तक कशाबद्दल आहे तो विषय लिहायचा, पुढे रेघ मारायची आणि रेघेपुढे उपविभाग लिहायचा. कुठलं, कधीचं, कोणत्या बाजूनं लिहिलेलं. 'भात — रोग — चंद्रपूर जिल्हा', असं. हे शब्द मनाचे घालायचे नाहीत, छापील यादीतलेच घ्यायचे. सर त्या यादीबाहेर पाऊल टाकत नाहीत. म्हणतात, "आपल्याला सुचलं ते साहित्य. यादीत सापडलं तो कॅटलॉग!"

*

एकदा सरांचं पोट दुखायला लागलं. मी आणि मडावीभाऊ त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर तरुण, नवीनच आलेला. त्यानं विचारलं, "काय होतंय?"

सर डोळे मिटून म्हणाले, "पोट. रेघ. दुखणे. रेघ. डावी बाजू. रेघ. काल संध्याकाळपासून."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मडावीभाऊ घाईघाईनं म्हणाला, "डोक्याचं काई नाई जी साहेब! ते रोजच असे बोल्तात."

"अहो, बोलू द्या," डॉक्टर म्हणाला. "सगळे पेशंट असे बोलले तर माझी ओपीडी बारा वाजता संपेल!"

*

छत्तीसगडकडून हत्तींचा कळप इकडे उतरला, त्या हंगामातली गोष्ट. एक शेतकरीभाऊ आला. रात्रीतून त्याचं अर्धं धान तुडवलं गेलं होतं. "मॅडम, हत्तीवरचं पुस्तक द्या. त्याले काय आवडते, काय नाई, ते पाहतो."

कॉम्प्युटरवर शोधलं. आमच्याकडे एकच निघालं, 'हत्ती — बालकथा'. मी म्हटलं, भाऊ, हे तुमच्या कामाचं नाही. तो म्हणाला, असू द्या. खिडकीपाशी बसला आणि बोट ठेवून ठेवून वाचत राहिला. त्यातला हत्ती पोरांना पाठीवर बसवतो, नदीपार नेतो, सोंडेनं फुलं देतो. ऊन त्याच्या पायापासून भिंतीवर चढलं तरी माणूस हलला नाही. मधेच एकदा हसलासुद्धा.

संध्याकाळी पुस्तक माझ्या टेबलावर अलगद ठेवून म्हणाला, "चांगलं हाय जी. पन आमच्याकडच्या हत्तीनं हे वाचलेलं नाई वाट्टे!"

*

मोहाची भानगड मात्र पूर्ण माझी. 'मोह' या एकाच शब्दाखाली मी दोन पुस्तकं घातली होती. एक मोहाच्या झाडावरचं, दुसरं एका प्रवचनकारांचं.

एटापल्लीहून एक बाई आल्या. त्यांचा बचत गट मोहफुलांचे लाडू करायचा, त्यांना नव्या कृती हव्या होत्या. मी दुसऱ्या कामात होते. कॉम्प्युटरवर 'मोह — दुष्परिणाम' दिसलं, मडावीभाऊनं ते काढून दिलं. बाई तासभर कपाळाला आठ्या घालून वाचत होत्या. मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, पानापानावर म्हन्ते, मोह सोडा, मोह सोडा. आमी मोह सोडला त खावाचं काय?"

दुसऱ्या दिवशी सरांनी दुरुस्ती करवून घेतली. एक 'मोह, वृक्ष', दुसरा 'मोह, मनोविकार'. मडावीभाऊ दोन्ही पुस्तकं हातात घेऊन कपाटापर्यंत गेला आणि परत आला. म्हणाला, "अन् ज्याले झाडाचाच मोह हाय, त्याचं पुस्तक कुठी लावू?"

*

आमच्या गावचे एक म्हातारे कवी आहेत. त्यांच्या संग्रहाची नोंद त्यांनी एकदा स्क्रीनवर पाहिली. नाव, जन्मसाल, रेघ आणि पुढे कोरी जागा.

"ही जागा काऊन सोडली, बाई?"

हयात लेखकाची रेघ पुढे मोकळीच ठेवतात, हे सांगायचं कसं? त्यांना माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. मग हळूच म्हणाले, "राहू द्या मोकळी. अजून एक पुस्तक लिहून राह्यलो मी!"

*

मार्कंड्याच्या देवळांच्या पुढे नदीकाठच्या गावात लक्ष्मीबाई राहतात. घर ढिवरांचं, पिढ्यानपिढ्या मासेमारीवर जगलेलं. तिथल्या एका गुरुजींनी वैनगंगेतल्या माशांची वही केली होती. नावं सगळी लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी सांगितलेली. वडील गेले, गुरुजी गेले, आणि वही आमच्याकडे आली.

लक्ष्मीबाईंना वाचता येत नाही. त्या वही ऐकायला आल्या. मी वाचत होते, "मरळ, शिंगूर, दाडक, बोटरी..." त्या डोळे मिटून ऐकत होत्या, ओठ हलत होते. वडिलांचाच आवाज ऐकत असाव्यात. वही संपल्यावर त्यांनी वरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. "हे काय लिवलं?"

"मासे — वैनगंगा नदी — इतिहास."

"इतिहास म्हन्जे?"

"म्हणजे मागच्या काळातलं. गुरुजींनीच शेवटी लिहिलंय ना, पट्ट्यांचा वाघूर मासा आता नदीत उरला नाही."

त्या एकदम ताठ झाल्या. "गुरुजी पान्यात उतरत होते का?"

आवाज ऐकून सर बाहेर आले. समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, पुराव्याशिवाय नोंद बदलता येत नाही."

"माझ्या बापानं जित्ते मासे सांगतले होते," एवढंच म्हणून त्या निघून गेल्या. वही मीच नोंदवली होती.

पुढे किती आठवडे गेले, आठवत नाही. एका दुपारी सगळे पेंगलेले असताना फरशीवर पाण्याचे थेंब पडल्याचा आवाज आला. लक्ष्मीबाई! लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. त्यांनी पाण्यानं भरलेला पितळी गंज, म्हणजे पातेलं, माझ्या टेबलावर ठेवला आणि वरचं ओलं फडकं काढलं.

आत बोटभर लांबीचा मासा फिरत होता. पिवळा, अंगावर वाघासारखे काळे पट्टे. झोपलेले वाचक एकेक करून उठून भोवती उभे राहिले. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि गंजावर वाकले ते वाकलेच.

"कुठे मिळाला?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"बाबा सांगे तिथीच."

मासा आणखी एक फेरी मारून आला. लक्ष्मीबाई म्हणाल्या, "आता तो इतिहास काढा जी. अन् लौकर काढा. याले परत नेऊन सोडाचं हाय."